ओवीच्या नावावरच्या रात्री

फोन आला तेव्हा मनस्विनी मुळ्ये दोन सख्ख्या भावांच्या भांडणात अडकली होती. पावस गावचे दोघे, मोजणीच्या नकाशाची दोन टोकं धरून खिडकीपाशी उभे, आणि एक हापूसचं कलम नेमकं हद्दीवर येतंय म्हणून एकमेकांशी अबोला. त्यामुळे जे काय बोलायचं ते दोघंही मनस्विनीशी बोलत होते. थोरला म्हणाला, "ह्यांना सांगा, दगड हलवलाय." धाकटा म्हणाला, "त्यांना सांगा, दगड आमच्या बापाने घातलाय." भूमी अभिलेखच्या कचेरीत बसायचं म्हणजे हे रोजचंच, एक हद्दीचा दगड चुकीच्या जागी बसला की पुढच्या सगळ्या मोजण्या त्याच्यामागून चुकत जातात आणि माणसं आयुष्यभर एकमेकांची तोंडं बघत नाहीत, हे तिला पाठ होतं. तेवढ्यात शिपाई लवू मागून म्हणाला, "मॅडम, तुमचा फोन मघापासून वाजतोय. घ्या तरी, नायतर बंद करा." तिने घेतला. पलीकडे डॉक्टर आम्रपाली तांबे होत्या. तिच्या मुलीच्या, ओवीच्या शाळेत नववी-दहावीच्या मुलांची झोप मनगटी पट्ट्याने मोजायला आलेल्या बाई. त्या आधी कशा आहात वगैरे म्हणाल्या, आणि मग आवाज जरा खाली आणून त्यांनी विचारलं, "मनस्विनीताई, ओवी रात्री झोपेत चालते का हो?" मनस्विनी नाही म्हणाली. डॉक्टर म्हणाल्या, "पट्ट्यात तसं दिसतंय. रात्रीतून बऱ्याच वेळा उठते, चार पावलं चालते, कुठेतरी उभी राहते, परत येऊन पडते. इतकी मोडलेली झोप मला या शाळेत दुसऱ्या कुणाची दिसली नाही. कोल्हापूरला नेऊन एकदा रीतसर तपासणी करावी असं मला वाटतं. संमतीपत्रावर तिच्या वडिलांचा नंबर पहिला आहे, पण म्हटलं आईच्या कानावर आधी घालावं. आता त्यांना करते." मनस्विनी जवळजवळ ओरडलीच, "नको. त्यांना नका करू. मी येते, आत्ता येते." दोघे भाऊ वर्षभरात पहिल्यांदाच एकमेकांकडे बघून, हिला काय झालं, असं डोळ्यांनी विचारत होते. तिने नकाशा त्यांच्या हातातून काढून घेतला, घडी घातली, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि पायऱ्या उतरली. ती इतकी घाबरली होती ते ओवी झोपेत चालते म्हणून नव्हे. त्या रात्री ओवीच्या नव्हत्याच. त्या रात्री पट्टा मनस्विनीच्या मनगटावर होता.

जयस्तंभाकडून शाळेकडे जाताना तिने रिक्षा केली नाही. ऑक्टोबरचं ऊन असं की डांबराचा वास नाकात बसावा, पण चालताना विचार करता येईल असं तिला वाटलं. विचार कसला, नुसती उजळणी. दसरा झाला आणि शाळेतून ओवी तो पट्टा घालून आली. घड्याळासारखा, पण तबकडीच्या जागी काही नाही. एका बाजूला तिळाएवढा दिवा. पालकांच्या सभेत डॉक्टरांनी सांगितलं होतं, पट्टा काढायचा नाही, आंघोळीपुरता काढलात तर लगेच घालायचा, दिवा हिरवा राहिला पाहिजे, लाल झाला म्हणजे समजायचं की तो अंगावर नाही. पहिल्या दोन-तीन रात्री ओवीने निमूट घातला. मग तिच्या मनगटावर पुरळ आलं, आणि दिवसा कसाबसा वागवला तरी निजताना ती तो काढून टेबलावर ठेवायला लागली. तशा पहिल्याच रात्री मनस्विनी भांडी आवरून आली आणि अंधाऱ्या खोलीत टेबलावरचा तो लाल ठिपका तिने पाहिला. मालगुंडच्या सासरी नवरात्रात अखंड दिवा असतो. लग्नानंतरच्या पहिल्या नवरात्रात सासूबाईंनी तिला एकच गोष्ट सांगितली होती, "दिवा शांत होता कामा नये गो, बाकी काय चुकलं तर चुकलं." मग तेल कुणी घालायचं याला काही नेम नाही, जो जागा असेल तो घालतो, जाऊ घालते, दीर घालतात, पाहुणा आलेला जावई घालतो. कुणाच्या हाताने घातलं हे देवी विचारत नाही. ओवीला उठवून, पुरळ आलेल्या हाताला पुन्हा तो पट्टा बांधायचं तिच्या जिवावर आलं, आणि यंत्र रात्रभर उपाशी ठेवणंही बरं दिसेना. तिने तो स्वतःच्या मनगटावर चढवला. तीळ हिरवा झाला. तिला बरं वाटलं, अगदी दिव्यात तेल घातल्यावर वाटतं तसं. पहाटे ओवी उठायच्या आत तिने तो परत टेबलावर ठेवला, आणि पुढच्या सगळ्या रात्री तेच केलं. आता हे कोणा शहाण्या माणसाला सांगायला गेलं तर तो कपाळाला हात लावील, हे तिला भर रस्त्यात, गोखले नाक्यावर, एकदम लख्ख दिसलं.

आणि नुसता भाबडेपणा होता असंही नाही. स्वतःशी खोटं कशाला बोला. सलिल, तिचा नवरा, सावर्ड्याला काताच्या कारखान्यात हिशेब बघतो. आठवडाभर तिथे एक खोली घेऊन राहतो, शनिवारी घरी येतो. पावसाळ्यात एका शनिवारी रात्री पाणी प्यायला उठला तर ओवीच्या दाराखालून फोनचा उजेड. दुसऱ्या शनिवारीही. ओवीचे चाचणीतले गुण घसरलेले, सकाळी उठवायला गेलं की अंगावर येते, वर्गात डुलक्या घेते अशी बाईंची चिठ्ठी. सलिल ओरडणारा माणूस नाही. पट्टा आला तेव्हा त्याने शांतपणे सांगितलं, "तो झोपेचा रिपोर्ट येऊ दे. झोप होत नाही असं त्यात निघालं, तर जूनपासून दहावीला ती माझ्याकडे. सावर्ड्यातल्या शाळेत घालतो, माझ्या डोळ्यांसमोर राहील." त्याच्या बोलण्यात चूक काही नव्हती. पण ओवी गेली की घरात कोण? कचेरीतून यायचं आणि दार उघडून आत कुणी नाही, एवढंच मनस्विनीला दिसलं होतं. तेव्हा पट्टा मनगटावर चढवताना मनाच्या कोपऱ्यात एक लबाड विचार होताच, की चला, या निमित्ताने ओवीच्या नावावर चार रात्री तरी गाढ झोप लागेल. कारण मनस्विनीची झोप ही मुळ्यांच्या घराण्यातली प्रसिद्ध गोष्ट. पाठ टेकली की मेली. सलिल म्हणायचा, हिच्या उशाशी ढोल वाजवले तरी ही कूस बदलेल आणि म्हणेल, आवाज कमी करा. एकदा गणपतीत सहस्रावर्तन चालू असताना ती भिंतीला टेकून झोपली होती, ते दरवर्षी न चुकता निघतं. सासूबाई तर कौतुकानेच म्हणायच्या, "भाग्यवान हो तू. आम्ही आपले आढं मोजत पडतो." दुसरं काही नावाजण्यासारखं आपल्यात आहे असं मनस्विनीला कधी वाटलं नव्हतं, पण झोप चांगली आहे याचा तिला मनातून अभिमान होता. आणि तीच झोप, डॉक्टर म्हणत होत्या, साऱ्या शाळेत वाईट.

यंत्र बिघडलं असेल, तिने चालता चालता ठरवलं. पण चार पावलं चालते, उभी राहते, परत येऊन पडते, हे वाक्य काही डोक्यातून जाईना. ती पावलं कुणाची? तिला एकाएकी स्वतःच्या पायांची भीती वाटली. उन्हात चपलांमधून पुढे येणारे, मागे जाणारे, रोजचेच तिचे पाय. हे रात्री तिला न विचारता उठून कुठे जात होते? दुपारी कचेरीत डोकं जड होतं, आकडे एकमेकांवर चढतात, बसल्या जागी डोळे मिटतात, हे तिने वयावर ढकललं होतं, मग रक्तावर, मग लोहाच्या गोळ्या घेतल्या, मग वाटलं ही खारी हवाच तशी आहे. सकाळी उठल्यावर पाठ अशी दुखायची की रात्री कुणीतरी धुणं बडवलंय. सलिलला म्हटलं तर तो म्हणायचा, जास्त झोपतेस म्हणून. आणि तेही तिला पटायचं. आपल्याला जे नेहमी सांगण्यात येतं ते आपल्याला पटत जातं, यात तिचा काय दोष. शाळेचं फाटक आलं तेव्हा मधली सुट्टी संपत होती. पोरं पाण्याच्या नळापाशी एकमेकांच्या अंगावर पाणी उडवत होती, आणि त्या घोळक्यात ओवी नव्हती. ती पायरीवर एकटी बसून भिंतीला डोकं टेकवून डोळे मिटून होती. मनस्विनीला हाक मारायचा धीर झाला नाही. तिच्याकडे न बघितल्यासारखं करून ती प्रयोगशाळेच्या बाजूला वळली.

डॉक्टर आम्रपालींनी शाळेची जुनी प्रयोगशाळा घेतली होती. टेबलावर लॅपटॉप, शेजारी मुलांचे पट्टे एका स्टीलच्या डब्यात, आणि मागच्या कपाटात बरणीतला साप तसाच. त्यांनी खुर्ची पुढे केली, पडदा तिच्याकडे वळवला. एकेक रात्र म्हणजे एकेक आडवी पट्टी. झोप पांढरी, हालचाल काळी. "या पहिल्या रात्री बघा," त्या म्हणाल्या. "उशिरापर्यंत जागी आहे, पण एकदा लागली की मग सलग. वाईट नाही म्हणता येणार. आणि मग इथून पुढे हे असं." तिथून पुढच्या पट्ट्या उंदराने कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. मनस्विनीने त्या बघितल्या आणि मग, बसण्याआधीच, उभ्याउभ्या म्हणाली, "इथून पुढे ओवी नाही. मी आहे." आणि सगळं सांगितलं. पुरळ, लाल दिवा, मालगुंडचं नवरात्र, तेल, सगळं. सलिलचं सावर्डेही सांगितलं, आणि तो लबाड विचारही. सांगताना तिला वाटत होतं की या बाई आता रागावतील. मोजणी खोटी केली की काय होतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत. दुसऱ्याच्या हद्दीत आपण आपला दगड रोवून आलो. पण डॉक्टर आधी नुसत्या बघत राहिल्या आणि मग हसू आवरेना म्हणून त्यांनी तोंडाला रुमाल लावला. "माफ करा. पट्टा काढून डब्यात ठेवलेला, कपाटात पुजून ठेवलेला, एकीने मांजराला घातलेला, सगळं बघितलं मी या कामात. पण दिवा शांत होऊ नये म्हणून आईने घातला, हे पहिल्यांदाच ऐकते." मनस्विनीलाही हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणीही आलं, इतका वेळ धरून ठेवलेलं काहीतरी सुटल्यामुळे.

डॉक्टर म्हणाल्या, "या रात्री ओवीच्या नावावरून काढून टाकते, म्हणजे कोल्हापूरचा प्रश्न मिटला. तिला आपण परत मोजू, कापडी पट्टा देते, पुरळ येणार नाही." मग त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "पण ताई, मग ही झोप तुमची आहे." मनस्विनी लगेच म्हणाली, "नाही हो. मला उत्तम झोप लागते. कुणालाही विचारा." डॉक्टरांनी मान हलवली, नाकारल्यासारखी नाही, ऐकून घेतल्यासारखी. त्या संगमेश्वरकडच्या, वडील मुंबईला गोदीत होते. त्यांनी सहज सांगावं तसं सांगितलं, की आमच्या चाळीतल्या एका खोलीत दहा माणसं निजायची, तिथे झोप चांगली की वाईट हा विषयच नव्हता, जागा मिळाली की झोप मिळाली. आई सगळ्यांत शेवटी पडायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची, आणि मध्ये ती झोपायची की नाही हे आपण तिला कधी विचारलं नाही. आता विचारायला ती नाही. "म्हणून तुम्हाला विचारते. झोपून उठल्यावर कसं वाटतं तुम्हाला?" प्रश्न एवढाच होता. कचेरीतल्या भाषेत सांगायचं तर एका ओळीचा अर्ज. पण मनस्विनीला त्याचं उत्तर देता येईना, कारण हा प्रश्न तिला आजवर कुणी घातलाच नव्हता. तू झोपतेस, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. कशी झोपतेस, असं कुणी विचारलं नव्हतं. समोर बसलेल्या या जवळजवळ अनोळखी बाईबद्दल तिच्या मनात असं काही भरून आलं, की चहा तरी पाजावा, घरचे पोह्याचे पापड तरी आणून द्यावेत. ती म्हणाली, "दमल्यासारखं वाटतं. उठल्यावरच जास्त."

"मग रात्री तुम्ही उठून जाता कुठे?" डॉक्टरांनी विचारलं. मनस्विनीला खरंच सांगता आलं नाही. तेव्हा डॉक्टर दारापर्यंत गेल्या आणि त्यांनी ओवीला बोलावून घेतलं. ओवी आली. आईला इथे बघून चपापली, मग लॅपटॉपकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला; तिला वाटलं, सावर्डे ठरलं. तिला सगळं थोडक्यात सांगितल्यावर ती आईकडे वळली. "तू घातलास? शी, आई." मग डॉक्टरांनी तिला त्या कुरतडलेल्या पट्ट्या दाखवल्या, ही आईची पावलं असं सांगितलं, आणि ओवी अगदी साधेपणाने म्हणाली, "हो, ती येते ना रोज. माझ्या खोलीत." मनस्विनी म्हणाली, "कोण येतं?" "तू. येतेस, पलंगापाशी उभी राहतेस, माझ्या नाकाखाली बोट धरतेस, आणि जातेस. मला वाटलं तुला माहितीये."

प्रयोगशाळेत पंखा फिरत होता. मनस्विनीच्या डोळ्यांसमोर ओवीच्या जन्मावेळची ती काचेची पेटी आली. सातव्या महिन्यातच झालेली पोर, वीतभर, अंगावर नळ्या, कातडी अशी की आतलं दिसावं. काचेपलीकडे तिची छाती हलते की नाही ते बघत मनस्विनी टाके ओले असताना स्टुलावर बसून राहायची, आणि बघता बघता नजर इतकी ताणायची की काहीच हलताना दिसेनासं व्हायचं आणि तिची बोबडी वळायची. तेव्हा एक परिचारिका, केसांत अबोली माळलेली, वयाने तिच्याहून लहानच असेल, तिने पेटीचं झरोक्यासारखं दार उघडून मनस्विनीचा हात आत घालायला लावला होता आणि सांगितलं होतं, "डोळ्यांनी बघू नका, डोळे फसवतात. नाकाखाली बोट धरा. ऊब लागली की समजा आहे." बोटाच्या टोकाला ऊब लागली होती. इतकी कमी, की दुसऱ्या कुणाला सांगून पटली नसती. घरी आणल्यावर ती रात्रभर तेच करायची. पहिलं वर्ष, दुसरं वर्ष. मग ओवी गुटगुटीत झाली, पळायला लागली, आणि मनस्विनीने ते सोडून दिलं. निदान तिची तशी समजूत होती. तिने सोडलं होतं. पायांनी सोडलं नव्हतं, बोटाने सोडलं नव्हतं. दिवसभर मोजणीच्या कागदांत बुडालेली बाई पाठ टेकल्या टेकल्या झोपायची ती खरीच, कारण ती मेल्यासारखी दमलेली असायची; आणि मग ती झोपलेली असतानाच कुणीतरी तिच्यातून उठून पहाऱ्याला जायचं. तिला आधी लाज वाटली, चौदा वर्षांच्या घोडीच्या नाकाखाली बोट. मग लाज गेली, आणि त्या अबोलीवालीचं नावसुद्धा आपण विचारलं नव्हतं, हे आठवून तिला फार वाईट वाटलं.

"तू उठवत का नाहीस मला? सांगत का नाहीस?" तिने ओवीला विचारलं. ओवी जिभेने दातातलं काहीतरी काढल्यासारखं करत होती. लाजली की ती तसं करते. "तू झोपेतच असतेस. डोळे उघडे असतात पण तसे नसतात. आणि लहानपणापासूनच आहे ते." डॉक्टरांनी विचारलं, "मग तुला त्याने जाग येते का?" "पहिल्यांदा येते तेव्हा मी जागीच असते. मग दुसऱ्यांदा यायची वाट बघते. ती येऊन गेली की मला झोप लागते. तोवर फोन बघते." तिने एकदम आईकडे बघितलं, फोनचं तोंडातून गेलं म्हणून, पण आता सांगायला लागलीच होती तर थांबली नाही. "आणि मी हळू श्वास घेतला ना, तर तू खूप वेळ उभी राहतेस. खाली फरशी गार असते, तू अनवाणी असतेस. म्हणून तू आलीस की मी मोठ्याने घेते. घोरल्यासारखा नाही, असा." आणि तिने तिथल्या तिथे घेऊन दाखवला, नाकातून लांब, आवाज येईल असा, आत आणि बाहेर. "म्हणजे तुला पटकन कळतं आणि तू जाऊन झोपतेस."

मनस्विनी बोलायला गेली असती तर हुंदका आला असता, आणि शाळेत, मुलीच्या वर्गाच्या वेळेत, तिला ते नको होतं. पण मनात ती बोलत होती, आणि ते नवस फेडताना बोलतात तसलं होतं. आपण हिला जपतो असं आपण धरून चाललो होतो, सगळी आई मंडळी धरून चालतात. आणि ही पोर रात्री जागी राहून, गार फरशीवर आईचे पाय किती वेळ राहतात ते बघत होती. हिला गुण कमी पडले ते यात गेले. हिच्या डोळ्यांखाली काळं आलं ते यात आलं. यंत्राला हे कुठे दिसलं असतं, पट्टीवर फक्त काळं आणि पांढरं उमटतं. देवाने, नशिबाने, त्या नर्सने, कुणी का असेना, हिला त्या पेटीतून परत दिलं, आणि वर ही अशी दिली. मनस्विनीने हात पुढे करून ओवीच्या कपाळावरचे केस मागे केले. ओवीने, शाळेत असून, करू दिले.

मग पुढचं ठरवणं आलं. डॉक्टर म्हणाल्या, ओवीची खरी झोप मोजायची तर त्या आठवड्यात तिच्या खोलीत कुणी यायला नको. मनस्विनी म्हणाली, "मी दाराला आतून कडी लावून घेते माझ्या." डॉक्टर म्हणाल्या, तुम्ही झोपेत कडी काढाल, आणि तुमचंही कुणीतरी बघायला हवं, मी तुम्हाला एका डॉक्टरांचं नाव देते, माझ्या अभ्यासात तुम्ही वयाने बसत नाही. ओवी दोघींकडे आळीपाळीने बघत होती. ती म्हणाली, "मी पप्पांकडे जाऊ? दिवाळीची सुट्टी लागतेच आहे. सावर्ड्याला आठवडाभर राहते, पट्टा घालून. मग परत येईन." तिने हे भीत भीत, पण ठरवून म्हटलं. मनस्विनीला वाटलं, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, रात्ररात्र मनगटावर खोटं बांधलं, तेच ही आता आपण होऊन मागते आहे. नाही म्हणायला तिच्याकडे कारणं होती, दिवाळीचं फराळाचं, सलिलच्या खोलीतला एकच पलंग, त्याचा डबा. ती कारणं ओठांपर्यंत आली. आणि तिने ओवीच्या डोळ्यांखाली बघितलं. आठवडाभर तरी या पोरीला कुणाची वाट बघत जागावं लागणार नव्हतं. कदाचित तिला तिथेच चांगली झोप लागेल, कदाचित जूनमध्येही ती तिथेच राहायचं म्हणेल. तेही होऊ शकतं, आणि झालं तर ते खऱ्या मोजणीने झालेलं असेल. "जा," मनस्विनी म्हणाली. "पप्पांना मीच सांगते."

सलिलला तिने शाळेच्या फाटकापाशी उभं राहूनच फोन लावला आणि एकही गोष्ट न गाळता सांगितलं. कारखान्यातला कसलासा घरघराट मागे चालू होता. शेवटी तो म्हणाला, "दर शनिवारी मी शेजारी असतो तुझ्या." "हो." "मला एकदाही कळलं नाही." ती म्हणाली, "मलाही नाही कळलं, तर तुला कुठून." तो म्हणाला, "तुझ्या झोपेवरून सगळ्यांत जास्त मी बोललोय," आणि मग हलकेच, "पाठव तिला. फोन काढून घेणार नाही, तसं सांग." एवढं त्याच्या तोंडून निघणं म्हणजे खूप होतं, आणि ते किती आहे हे मनस्विनीला कळलं.

ओवी गेली त्या दिवशी मनस्विनीने चकलीची भाजणी भाजली, सासूबाईंना फोन केला, लवकर जेवून घेतलं. घर मोठं वाटेल असं तिला वाटलं होतं. ते तसं काही झालं नाही, नुसतंच शांत झालं. अंथरुणावर पडली आणि पाठ टेकली तरी झोप येईना. आता तिला ठाऊक होतं की आपल्यातलं कुणीतरी थोड्या वेळाने उठेल, त्या खोलीत जाईल, रिकाम्या उशीवर बोट धरील आणि त्याला ऊब लागणार नाही. त्या माणसाचं काय करायचं, त्याला कसं समजवायचं, ते तिला सुचेना. तोच फोन थरथरला. ओवीने आवाज पाठवला होता, आणि खाली लिहिलं होतं, "उठू नको. इथेच ऐक." मनस्विनीने फोन कानाशी धरला. आधी सावर्ड्याच्या महामार्गावरून जाणारा एक ट्रक, मग सलिलचं घोरणं, आणि मग त्याच्या अलीकडे, अगदी जवळ, लांब, मोठ्याने, मुद्दाम घेतलेला श्वास. आत. बाहेर. परत आत. तिने दिवा मालवला, कुशीवर वळली आणि ऐकत राहिली. त्या आठवड्यात ती रोज तेच ऐकत निजली. ओवीने ते किती लांब रेकॉर्ड केलं होतं, ते मनस्विनीला अजून माहीत नाही. शेवटापर्यंत जागं राहणं तिला एकदाही जमलं नाही.